कुंपणावरून जाणारी वाटी

सहा मुलं झाली, चार जगली. रुबिनेमला कोणी तिच्या आयुष्याबद्दल विचारलं की ती एवढं सांगायची आणि उठून कामाला लागायची. आणखी खोदून विचारणाऱ्याला ती ओल्या सोयाबीनची टोपली उचलायला लावी. मग तो आपोआप गप्प होई.

तिचं काम तेम्पे करण्याचं. सोयाबीन भिजवायचं, उकडायचं, टोपलीत घालून ओढ्याच्या पाण्यात पायांनी तुडवायचं म्हणजे सालं सुटतात. मग निथळून गार करायचं, मागच्या खेपेच्या पानांवर जपून ठेवलेली बुरशी त्याला चोळायची आणि केळीच्या पानात बांधून उबेला ठेवायचं. तिसऱ्या दिवशी दाणे पांढऱ्या बुरशीनं एकमेकांना असे धरून बसतात की वडीसारखे काप पडतात. योग्याकार्ता शहराकडच्या पोजोक वाडीत तिच्या सासूनं हेच केलं आणि त्याआधी माहेरी तिच्या आईनं. चाळीस वर्षं तुडवून रुबिनेमच्या टाचा नदीतल्या गोट्यांसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. नवरा कार्तो होता तोवर तेम्पे बाजारात तो न्यायचा. तो गेल्यावर बाजारही तिच्याकडे आला. त्याबद्दल तिनं कधी कुरकुर केली नाही, कारण कार्तोला भाव करता येत नसे.

अक्षरओळख तिला उशिरा झाली, देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या प्रौढ वर्गात. अक्षर मोठं, गोल आणि संथ. पण वाडीत लिहिता येणारी त्या वयाची बाई तीच. म्हणून महिन्यातून एकदा वाडीप्रमुखाच्या पडवीत बाळांची वजनं होऊ लागली तेव्हा कार्डं भरायला तिलाच बसवलं. वाशाला काटा टांगलेला, काट्याला झोळी, झोळीत बोंबलणारं पोर, आणि खाली रुबिनेम चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन ठिपका काढतेय. सगळ्या तिला बू रुबिनेम म्हणत, बू म्हणजे आई किंवा बाई. बरोबरीच्या आणि लगतच्या शेजारणी तेवढ्या 'यू', म्हणजे ताई.

आता मुद्द्याची गोष्ट. बाळाचं पोट बिघडलं, पातळ ढाळ लागले की पोजोकमध्ये पहिलं काम म्हणजे त्याचं खाणं तोडायचं. पोटाला विश्रांती म्हणे. आईचं दूध चालू, बाकी सगळं बंद. रुबिनेम हे करत नसे. ती ताजं तेम्पे उकडून पाट्यावर गंधासारखं वाटायची, तांदळाच्या पिठात शिजवायची, वर खोबरेल तेलाचे चार थेंब आणि चिमूटभर साखर. झालं खिमट. हे तिच्या आईचं. रुबिनेमनं ते वाडीतल्या किती पोरांना भरवलं याची गणती नाही. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई यावरून तिच्यावर दोनदा तोंड टाकून गेल्या होत्या. आजारी पोटात कडधान्य घालता, अक्कल गहाण ठेवलीत का, असं. रुबिनेमनं दोन्ही वेळा मान खाली घालून 'हो जी' म्हटलं आणि दोन्ही वेळा घरी जाऊन पाटा धुतला आणि तेम्पे वाटायला घेतलं.

पण एक गोष्ट तिनं कोणाला सांगितली नव्हती. तिचा दुसरा मुलगा अकरा महिन्यांचा होऊन गेला, एक्कावन्न सालात. ढाळ लागले आणि सासूनं चार दिवस त्याचं खाणं बंद केलं. रुबिनेम बावीस वर्षांची होती, तिनं ऐकलं. तिची आई दोन गावं ओलांडून तेम्पेची पुडी घेऊन आली तेव्हा मूल डोळे उघडत नव्हतं. त्या खिमटानं ते वाचलं असतं का? हे तिला माहीत नव्हतं. तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या पोरांना भरवत होती, आणि प्रत्येक पोर बरं झालं की तोच प्रश्न पुन्हा डोकं वर काढत होता. मूल गेल्याचं दुःख काळानं बोथट केलं होतं. माहीत नसणं मात्र छत्तीस वर्षं तसंच टोचत होतं.

सत्त्याऐंशी साली योग्याकार्ताहून डॉक्टर सुबेक्ती आली. एकोणतीस वर्षांची, मोटरसायकलवर, मागे खोकी बांधलेली. बोलायला लाघवी, हिशेबाला कडक. नर्सबाईंनी तिला हसत हसत पोजोकच्या तेम्पेवालीचा किस्सा सांगितला होता, आणि ती न हसता थेट रुबिनेमच्या चुलीपाशी येऊन बसली. खिमट चाखलं. कसं करता ते विचारून लिहून घेतलं. मग म्हणाली,

"बू, तुमच्या खिमटानं मुलं बरी होतात हे मी मानते. पण जुलाब बहुतेक वेळा आपले आपणही थांबतात. मग थांबले ते खिमटानं की आपोआप, हे तुम्हाला कसं कळतं?"

रुबिनेमनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिनं ऐकला नव्हता.

"नाही कळत," ती म्हणाली. "तेच कळायला हवंय मला."

डॉक्टरनं बेत समजावून सांगितला. सहा महिने ते दोन वर्षांचं जे मूल आजारी पडेल त्याला जलसंजीवनीचं पाणी द्यायचंच, आईचं दूध चालूच, आणि उपाशी कोणालाच ठेवायचं नाही. खाण्याच्या पुड्या दोन प्रकारच्या. लाल दोऱ्याच्या पुडीत वाळवून दळलेलं तेम्पे आणि तांदळाचं पीठ, पांढऱ्या दोऱ्याच्या पुडीत दुधाची पावडर आणि तांदळाचं पीठ. कोणाला कोणती, ते चिठ्ठीवर. रुबिनेमनं रोज घरोघर जाऊन ढाळ कधी थांबले ते लिहायचं आणि आईला एक प्रश्न विचारायचा: बाळानं फक्त दिलेलंच खिमट खाल्लं ना? ज्या आईला नको असेल तिनं केव्हाही बाहेर पडावं, कोणी रागावणार नाही. तेम्पेची मुलं लवकर बरी झाली तर हे खिमट तालुक्यातल्या प्रत्येक वजनाच्या दिवशी शिकवलं जाईल. नाही झाली तर नाही.

"आणि नाही झाली तर तुम्हीही थांबाल का, बू?" डॉक्टरनं विचारलं.

रुबिनेम थांबेन म्हणाली. आणि तिचं म्हणणं खरं होतं.

आता शहरात शिकलेल्या माणसाला जे सुचत नाही ते पोजोकमधल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. घरात बाहेरून काही आलं की ते एकट्यानं खायचं नसतं. चुलीवरचा वास ज्या घरापर्यंत जातो त्या घरापर्यंत वाटी जाते. आलेली वाटी रिकामी परत जात नाही. आणि इथं तर दोन शेजारणींना दोन वेगळ्या वस्तू मिळालेल्या. मुर्यानीला लाल दोरा मिळाला तेव्हा तिला वाईट वाटलं, तेम्पे काय घरचंच, दुधाची पावडर मिळाली असती तर. पलीकडच्या तिवुकला पांढरा दोरा मिळाला, तिला वाटलं आपल्याला बू रुबिनेमच्या हातच्यातून वगळलं. दोघींनी संध्याकाळच्या आत अर्धं अर्धं केलं. जास्वंदीच्या कुंपणावरून एक तपकिरी वाटी इकडून तिकडे गेली, एक पांढरी तिकडून इकडे आली. दोन्ही पोरांनी दोन्ही खाल्लं. पुढच्या आठवड्यात आख्ख्या वाडीत हेच चालू झालं, कोणी कोणाला न सांगता.

आणि तो प्रश्न. रुबिनेम दारात उभी राहून विचारायची, बाळानं फक्त दिलेलंच खाल्लं ना? कागदावरचा प्रश्न, वर सरकारी शिक्का. अशा प्रश्नाला कोणती बाई नाही म्हणेल? सगळ्या 'हो जी' म्हणत. रुबिनेम गोल अक्षरात 'हो' लिहायची. मागे चुलीपाशी दोन रंगांच्या वाट्या दिसत असत.

तिला हे समजत नव्हतं असं नाही. तिला बरंच वाटत होतं. सगळ्याच पोरांच्या पोटात तेम्पे जातंय, वाईट काय त्यात? एकदा तर तिनं स्वतःच दिलं. तिवुक कुंपणापाशी येऊन म्हणाली होती, "यू, आख्ख्या गावाची पोरं तुझ्या हातचं खाऊन मोठी झाली, आणि माझ्या पोरीच्या नशिबी डब्यातली भुकटी." रुबिनेमला इतकं लाजल्यासारखं झालं की चुलीवरची वाटी तिनं सरळ कुंपणावरून पुढं केली. त्या दिवशीच्या कागदावरही 'हो' आहे.

दोन महिन्यांनी एक्केचाळीस मुलांचे कागद झाले. डॉक्टर सुबेक्ती ते घेऊन रुबिनेमच्या ओट्यावर बसली.  चहा घेतला, कप खाली ठेवला, मग सांगितलं. लाल दोऱ्याच्या मुलांचे ढाळ सरासरी साडेचार दिवसांत थांबले. पांढऱ्या दोऱ्याच्या मुलांचेही साडेचार दिवसांत. काडीचाही फरक नाही. आणखी वीस मुलांचे कागद होईपर्यंत वाट बघू, पण हे असंच राहिलं तर आरोग्य केंद्राला लिहून द्यावं लागेल की तेम्पेच्या खिमटाचा काही विशेष उपयोग नाही. तिला स्वतःला वाईट वाटतंय, असंही ती म्हणाली. ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

रुबिनेमनं मान हलवली. डॉक्टर गेल्यावर ती कितीतरी वेळ कप विसळत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यात सोयाबीन तुडवताना तिनं सगळं नीट मांडून पाहिलं. तुडवताना डोकं मोकळं असतं. फरक दिसणार कुठून? दोन्हीकडच्या पोरांनी एकच काला खाल्ला होता. पण हे सांगायचं म्हणजे काय? मुर्यानी, तिवुक आणि आख्खी वाडी डॉक्टरसमोर खोटं बोलली असं सांगायचं. इथं माणूस एकवेळ उपाशी राहील, पण चारचौघांत शेजारणीला मान खाली घालायला लावणार नाही. शिवाय एक्केचाळीस कागदांवर अक्षर कोणाचं? तिचंच. आणि न सांगायचं म्हणजे? शहरातून शिक्क्याचा कागद येईल की तेम्पेत काही नाही. नर्सबाई तो पडवीत मोठ्यानं वाचतील. मग पोरांना पुन्हा चार चार दिवस उपाशी ठेवतील. आणि आपल्याला जे एकदाचं कळायचं होतं ते कधीच कळणार नाही. उलट चुकीचंच कळेल, ते आणखी वाईट.

टोपलीतली सालं वाहून गेली, दाणे पांढरेशुभ्र झाले, तरी ती तुडवतच होती. शेवटी दाणे फुटायला लागले तेव्हा थांबली. ती खेप वाया गेली.

त्या दिवशी दुपारी डॉक्टर उरलेले कागद न्यायला आली. रुबिनेम म्हणाली, ओढ्यावर यायचंय का, मागच्या वाटेनं जाऊ. मागची वाट म्हणजे सगळ्या घरांच्या चुलींमागून जाणारी पायवाट. वेळ चारची, घरोघर पोरांचं शिजतंय. दोघी सावकाश चालत होत्या. रुबिनेम या झाडाचं, त्या कोंबडीचं काहीबाही सांगत होती. तेवढ्यात एका कुंपणावरून एक वाटी पलीकडे गेली. डॉक्टरनं पाहिलं, पण लक्ष दिलं नाही. पुढच्या घरी पुन्हा तेच. तिसऱ्या घरापाशी मुर्यानीचा हात कुंपणावर वाटी धरून होता आणि तिवुकचा हात ती घेत होता. वाटीला लाल दोरा तसाच चिकटलेला.

डॉक्टर जागीच थांबली. मुर्यानीनं तिला पाहिलं, छान हसली आणि चहाला बोलावलं. रुबिनेमनं नंतर येतो म्हणून वेळ मारून नेली आणि डॉक्टरला ओढ्याकडे घेऊन गेली.

पाण्याच्या काठावर डॉक्टर खडकावर बसली.

"किती दिवसांपासून हे चाललंय?"

"पहिल्या दिवसापासून."

"कोण कोण?"

"नावं नका विचारू, बू डॉक्टर. सगळ्याच. मीसुद्धा."

"आणि कागदावर? एक्केचाळीस वेळा तुम्ही 'हो' लिहिलंय, बू."

"त्या हो म्हणाल्या, मी हो लिहिलं. तुम्ही विचारलंच असं की माणसाला नाही म्हणता येऊ नये."

डॉक्टरला राग आला होता. तिचे कान लाल झाले. दोन महिने, एवढा प्रवास, वर उत्तर द्यायचं ते वेगळं. तिनं एक दगड उचलून पाण्यात टाकला, मग दुसरा. रुबिनेम उभीच होती. समजूत घालायला ती गेली नाही. तिनं जे करायचं ते केलं होतं. तिसरा दगड डॉक्टरनं हातात घेतला, आणि मग तिला हसू यायला लागलं. आपल्या आईला मामानं परदेशातून बिस्किटांचा डबा पाठवला तेव्हा आईनं एकेका बिस्किटाचे चार तुकडे करून आख्ख्या गल्लीत वाटले होते, हे तिनं सांगितलं. मला एक तुकडा मिळाला, बू, घरच्याच डब्यातला. आणि मी इथं येऊन दोन रंगांचे दोरे बांधतेय.

"वाटणं काही तुम्ही थांबवू शकणार नाही," रुबिनेम म्हणाली. "मग वाटू द्या की. एका वाडीला एकच दोरा द्या. पोजोकनं पोजोकमध्ये वाटावं, ब्रिंगिननं ब्रिंगिनमध्ये. ओढा ओलांडून खिमट कोण नेतंय? नेलं तर सांडतं."

डॉक्टरनं तिच्याकडे बघितलं. तो हातातला दगड तिनं पाण्यात टाकला नाही, बाजूला ठेवला, आणि पिशवीतून वही काढली.

पुढं काय झालं ते थोडक्यात. डॉक्टर शहरात जाऊन आपल्या वरिष्ठांची बोलणी खाऊन आली. पहिले कागद मोजायचे नाहीत असं ठरलं. तीन गावांतल्या बारा वाड्या घेतल्या, मध्ये ओढा किंवा भातखाचरं असतील अशाच. कागदावरचा प्रश्न बदलला. आता विचारायचं: त्या वाटीतलं आणखी कोणी कोणी खाल्लं? या प्रश्नाला बायका इतक्या उत्साहानं उत्तरं द्यायला लागल्या की रुबिनेमला कागदाच्या पाठीवर लिहावं लागे. सासऱ्यानं दोन चमचे चाटले, थोरल्यानं पळवलं, मांजरानं तोंड घातलं, सगळं.

चिठ्ठ्या भाताच्या चाळणीत टाकून सगळ्यांसमोर काढल्या. पोजोकला पांढरा दोरा आला.

पडवीत हशा पिकला. तेम्पेवालीच्या वाडीला भुकटी. तिवुक म्हणाली, यू, आता तू दुकान बंद कर आणि गाय पाळ. रुबिनेमही हसली, पण पाच महिने आपल्या वाडीतल्या एकाही आजारी पोराला तेम्पेचं खिमट द्यायचं नाही, हे तिला जड गेलं. डॉक्टरनं पुन्हा सांगितलं, पांढऱ्या पुडीतही चांगलं अन्न आहे, मूल कोमेजलं तर पुड्या बाजूला ठेवून सरळ इस्पितळात आणायचं, आणि कोणाला सोडायचं असेल तर केव्हाही सोडावं. हे रुबिनेमला पटलेलं होतं. पटणं आणि पचणं वेगळं.

तिसऱ्या महिन्यात तिचा नातू आजारी पडला. सिगित, दहा महिन्यांचा. मुलगा सुराबायाला बांधकामावर, घरात सून लास्त्री आणि ती. सकाळपासून सहा लंगोट झाले. रुबिनेमनं जलसंजीवनी केली, पांढऱ्या दोऱ्याची पुडी शिजवली, चमच्या चमच्यानं भरवायला बसली. दुसऱ्या दिवशीही ढाळ थांबले नाहीत. लास्त्री मागच्या अंगणात गेली. तिथं केळीच्या पानांत बांधलेली तेम्पेची खेप ओळीनं ठेवलेली होती. त्यातली एक पुडी उचलून तिनं सासूपुढं ठेवली.

"बू, सगळ्या गावाच्या पोरांना दिलंत. घरच्याला नाही?"

रुबिनेमनं पुडीकडे बघितलं नाही. नातवाच्या टाळूला हात लावला, चिमटीत पोटाची कातडी धरून सोडली, जीभ बघितली. टाळू आत गेली नव्हती. कातडी लगेच बसली. चमचा तोंडाशी नेला की पोर हावऱ्यासारखं ओढून घेत होतं.

"याचे डोळे आत गेले, यानं पाणी नको म्हटलं, तर मी कागदाला काडी लावीन आणि तू म्हणशील त्या इस्पितळात पायी जाईन," ती म्हणाली. "पण तो पितोय. खातोय. आज मी हे दिलं तर उद्या तिवुकच्या पोरीला कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

"तुम्हाला तो आकडाच मोठा झालाय."

"हो, झालाय. माझ्या पोराच्या वेळी कोणाजवळ आकडा नव्हता. सासूनं सांगितलं, मी ऐकलं. तुला माझं ऐकून चालावं लागू नये म्हणून चाललंय हे. तुला नको असेल तर आत्ता सांग. तू त्याची आई आहेस. मी डॉक्टरला लिहून कळवते, पोर बाहेर पडलं म्हणून. कोणी काही म्हणणार नाही."

माझ्या पोराच्या वेळी, हे लास्त्रीनं पहिल्यांदाच ऐकलं.  मग ती पुडी उचलून जागेवर ठेवून आली आणि म्हणाली, चमचा इकडे द्या, तुम्ही जरा टेका.

सिगितचे ढाळ पाचव्या दिवशी थांबले. रुबिनेमनं त्याच्या नावापुढं पाचचा आकडा काढला. त्याच्या वाटीतलं आणखी कोणी खाल्लं, या रकान्यात तिनं लिहिलं: आजीनं, उरलेलं.

पावसाळा येऊन गेला. भात कापून झालं तेव्हा डॉक्टर सुबेक्ती आकडे घेऊन आली. या वेळी ती ओट्यावर बसली नाही. पडवीत सगळ्यांसमोर उभी राहिली, बाराही वाड्यांतल्या बायका आलेल्या. लाल दोऱ्याच्या वाड्यांत मुलांचे ढाळ सरासरी दीड दिवस आधी थांबले. वजनही लवकर भरून आलं. दोन्हीकडची मिळून चार मुलं इस्पितळात न्यावी लागली होती, चारही घरी परत आली. एकही मूल दगावलं नाही, लाल दोऱ्याचं नाही आणि पांढऱ्याचंही नाही.

मागून कोणीतरी म्हणालं, दीडच दिवस? एवढ्यासाठी एवढा खटाटोप?

"दीड दिवस म्हणजे दहा-बारा लंगोट, बाई," मुर्यानी म्हणाली. "तू धुतेस का येऊन?"

पडवी हसली. नर्सबाईही हसल्या, आणि लगेच फळ्यावर खिमटाची कृती लिहायला उठल्या. तेम्पे आधी उकडायचं की आधी वाटायचं यावर त्यांचं अडलं, तेव्हा त्यांनी रुबिनेमकडे बघितलं. रुबिनेमनं उठून सांगितलं. 'मी सांगत होते' असं ती म्हणाली नाही. तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

दीड दिवसानं तिचा मुलगा वाचला असता का? डॉक्टरला विचारलं असतं तर डॉक्टर म्हणाली असती, सांगता येत नाही, आणि ते खरंच झालं असतं. पण पांढऱ्या दोऱ्याची पोरंही जगली होती. पाणी मिळालं, खायला मिळालं, जगली. म्हणजे तेम्पे असो नसो, भरवायला हवं होतं. छत्तीस वर्षं ती खिमटाबद्दल विचारत होती, आणि उत्तर आलं ते उपासाबद्दल. उत्तर सोपं नव्हतं, पण उत्तर होतं. घरी जाताना तिनं ते लास्त्रीला सांगितलं, मुलाचं नाव घेऊन. त्याचं नाव पोनिमान होतं. लास्त्रीनं सिगितला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मोकळ्या हातानं सासूची पिशवी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यापलीकडून ब्रिंगिनची एक कोवळी पोर आली. पहिलटकरीण, छातीशी कापडात बांधलेलं बाळ, डोळे रडून सुजलेले. ब्रिंगिनला लाल दोरा होता, पण तेव्हा हिचं बाळ फार लहान होतं. सासू म्हणते दोन दिवस काही देऊ नको, असं ती सांगत होती. रुबिनेम ओढ्यातून वर आली, पाय पुसले, तिला चुलीपाशी बसवलं. आधी जलसंजीवनीचं पाणी करून पाजायला लावलं. मग तेम्पे उकडायला टाकलं आणि पाटा तिच्यापुढं सरकवला, वाट म्हणाली, तुलाच करता यायला हवं.

पोरीनं वाटता वाटता विचारलं, "बू, उद्या थांबेल ना?"

"उद्या नाही थांबणार," रुबिनेम म्हणाली. "तिसऱ्या दिवशी थांबेल, नाहीतर चौथ्या. तोवर हे पाणी थांबवायचं नाही आणि हे भरवणं थांबवायचं नाही. डोळे आत गेले किंवा प्यायचं सोडलं तर खाली केंद्रात न्यायचं, सासूला न विचारता. आणि सासू काही बोलली तर सांग, बारा वाड्यांत मोजून झालंय. तिला मोजायचं असेल तर माझ्याकडे पाठव."

पोरगी रडता रडता हसली. बाळानं पहिला चमचा थुंकला, दुसरा अर्धा गिळला. तिसऱ्याला तोंड उघडलं.